स्लीव्ह सर्जरीनंतरचं दीड वर्ष: सेंटर निवडताना आधी फॉलोअप बघा

पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या बॅरिएट्रिक, म्हणजे वजन कमी करायच्या ऑपरेशनच्या विभागाचा हा रिव्ह्यू आहे. नाव देत नाहीये, कारण यात तक्रारीच्या गोष्टी पण आहेत आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी इतर सेंटरला ऑपरेशन केलेल्या लोकांनी पण मला सांगितल्यात, त्यामुळे एकालाच धरून बोलण्यात अर्थ नाही. तुम्ही कुठेही जात असाल तरी काय विचारायचं, काय बघायचं हे कळावं म्हणून सविस्तर लिहितेय, जरा मोठं झालंय, पण ज्यांना खरंच हे ऑपरेशन करायचंय ते वाचतील.

माझी उंची पाच फूट दोन इंच, ऑपरेशनच्या वेळी वजन ११२ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा) ४५ च्या आसपास. शुगर, बीपीची गोळी, जिना चढताना गुडघे धरून उभं राहायचं आणि रात्री झोपेत श्वास अडकायचा. माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी झाली, म्हणजे दुर्बिणीतून जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी एक अरुंद नळी उरते. भुकेचं घ्रेलिन नावाचं हार्मोन जास्त करून त्या काढलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे सुरुवातीचे महिने भूक अशी लागतच नाही. आता दीड वर्ष होऊन गेलंय, वजन ७४ आहे, बीपीची गोळी बंद झाली, शुगरचं एक औषध राहिलंय.

सर्जन कोण, त्यांनी किती ऑपरेशन केलीत हे सगळे विचारतात आणि विचारायलाच पाहिजे. पण डायटिशियन फोन उचलते का, सहा महिन्यांनी पण उचलते का, रात्री उलटी झाली तर कोणाला फोन करायचा, हे कोणी विचारत नाही. मला विचाराल तर ॲडव्हान्स भरायच्या आधी हे प्रश्न पहिले विचारा. टेबलावरचा वेळ एक-दीड तास असतो हो, त्यानंतर रोज सकाळी उठून काय खायचं हा प्रश्न आयुष्यभराचा आहे आणि तिथं सर्जन तुमच्या स्वयंपाकघरात येऊन उभे राहत नाहीत.

ऑपरेशनच्या आधीचं या सेंटरचं काम मला आवडलं. एन्डोस्कोपी, सोनोग्राफी, थायरॉइड, बी१२, डी३, झोपेची टेस्ट, हृदयाची तपासणी सगळं एका फाईलला लावून दिलं. दोन आठवडे कमी कॅलरीचं, प्रोटीन जास्त असं डाएट दिलं होतं, ते का दिलं हे पण नीट सांगितलं. फॅटी लिव्हर सुजून जठरावर पसरलेलं असतं आणि ऑपरेशनच्या वेळी ते उचलून धरावं लागतं, या डाएटने ते आकसतं आणि सर्जनला जागा मिळते. कारण कळलं की माणूस पाळतो, नुसतं हे खाऊ नका म्हटलं की पाळत नाही, हे माझं शिक्षिका म्हणून पण मत आहे.

मानसोपचारतज्ज्ञांची भेट मात्र नावाला होती. डिप्रेशन आहे का, दारू-सिगारेट आहे का, सही करा, झालं. खरं तर खाण्याशी आपलं नातं काय आहे, टेन्शन आलं की आपण डबे उघडतो का, हे बोलायची तीच वेळ होती. नंतर जेव्हा खाऊन मन रमवायचा रस्ता बंद झाला तेव्हा मला फार जड गेलं आणि तेव्हा तयारी कमी पडली. इथं मी दहापैकी दोन देईन.

इन्शुरन्सबद्दल लोक गोंधळतात म्हणून लिहिते. आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने पॉलिसीतल्या अटी सगळ्या कंपन्यांसाठी सारख्या केल्यात, त्यात वजनाच्या सर्जरीचा खर्च सरसकट नाकारता येत नाही, पण अटी आहेत. वय १८ किंवा जास्त, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय ४० किंवा जास्त, नाहीतर ३५ किंवा जास्त असून सोबत हृदयविकार, गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं), कंट्रोलमध्ये नसलेला टाइप टू डायबेटिस असं काहीतरी आणि आधीचे साधे उपाय करून बघितलेले. आधीच्या डाएटच्या, जिमच्या, औषधांच्या चिठ्ठ्या असतील तर टाकून देऊ नका, त्या मागतात. पॉलिसीचा वेटिंग पिरियड, म्हणजे क्लेम करता येण्याआधी थांबायचा काळ, संपलाय का तेही बघा. सेंटरच्या इन्शुरन्स डेस्कवरची मुलगी हुशार होती, कंपनीने उलटसुलट प्रश्न विचारले तरी तिने एकेक कागद लावून कॅशलेस मंजूर करून आणलं. पॅकेज घेणार असाल तर जठर कापून पिना मारणाऱ्या स्टेपलरची काडतुसं पॅकेजमध्ये धरलीत का हे लिहून घ्या, बिलात तोच मोठा आकडा असतो आणि किती लागतील हे जठराच्या आकारावर ठरतं.

ऑपरेशननंतरचे दिवस. पोटावर चार-पाच बारीक भोकं असतात, ती फार दुखत नाहीत. दुखतो तो खांदा! पोटात कार्बन डायऑक्साइड भरून फुगवतात, तो गॅस थोडा राहतो आणि छाती-पोटामधल्या पडद्याला टोचून खांद्यात कळ येते. मला हे आधी माहीत असतं तर मी घाबरले नसते, त्यामुळे तुम्हाला सांगून ठेवते. त्यावर उपाय एकच, चालायचं. त्याच दिवशी संध्याकाळी सिस्टरने उभं केलं, मी नाही म्हणत होते पण ती ऐकेना, सलाईनचा स्टँड एका हाताने धरून माझ्यासोबत कॉरिडॉरच्या टोकापर्यंत आली. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून हे चालणं, ते घट्ट मोजे आणि पोटात टोचायची इंजेक्शनं. शिवाय तीन बॉलचं ते श्वासाचं खेळणं, ओढून बॉल वर न्यायचे, फुप्फुसं उघडी राहावीत म्हणून. नर्सिंगला दहापैकी दहा.

आणि तो ३० मिलीचा प्लॅस्टिकचा कप. औषधाच्या बाटलीवर येतो ना, रेघा असलेला, तोच. पाणी पाजायला सुरुवात झाली तेव्हा सिस्टरने त्यात पाणी भरून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, ताई, हे एवढं पंधरा मिनिटांत संपवायचं, घाई नाही, ओठ ओले करत करत. मला वाटलं एवढंसं पाणी, एक घोट. पण अर्ध्यावरच छातीत दाटून आलं. नुकतं शिवलेलं, सुजलेलं जठर ते. घरी आल्यावर पण कितीतरी दिवस तोच कप चालवला, मुलीने त्यावर माझं नाव लिहून ठेवलं होतं म्हणजे कामवाल्या मावशी फेकणार नाहीत. दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी असं घोट घोट प्यायचं, जेवणाच्या वेळी नाही, जेवणानंतर अर्धा तास सोडून, स्ट्रॉ नको, सोडा-कोल्ड्रिंक तर नकोच. दिवसभर बाटली सोबत लागते आणि वर्गावर मुलांना शिकवताना पण मी मध्येमध्ये घोट घेते.

डिस्चार्जच्या वेळी डायटचा छापील चार्ट दिला आणि इथं माझी पहिली तक्रार. सगळा इंग्रजीत, त्यात ग्रीक योगर्ट, ब्रोकोली प्युरी, क्लिअर चिकन ब्रॉथ. आम्ही साताऱ्याचे, घरात अंडं चालतं पण चिकन नाही, आणि ब्रोकोली आमच्या मंडईत कधीतरी एखाद्याकडे दिसते. सासूबाईंनी चार्ट बघितला आणि त्यांचा चेहराच पडला, करू काय गं मी हिला?

पण त्याच सेंटरच्या डायटिशियन मॅडमनी जे केलं ते मी विसरणार नाही. मी फोन केला, त्या म्हणाल्या तुमच्या घरी रोज काय शिजतं ते मला सांगा. सासूबाईंना फोनवर घेतलं. आणि मग सगळा चार्ट आमच्या घरच्या जेवणात बसवून हाताने मराठीत लिहून त्याचा फोटो पाठवला. पहिल्या टप्प्यात मुगाच्या कढणाचं वरचं गाळलेलं पाणी, शहाळ्याचं पाणी, पातळ ताक. मग दूध, गाळलेलं कढण, प्रोटीन पावडर. मग घोटलेलं मुगाचं वरण, पातळ पिठलं, नाचणीची आंबील, घरी दूध फाडून केलेलं मऊ पनीर. मग नरम उकडलेलं अंडं, मऊ खिचडी, दोडका-दुधीची भाजी. महिना-दीड महिन्याने हळूहळू घरातलं साधं जेवण. सासूबाईंनी तो फोटो प्रिंट करून फ्रिजवर लावला आणि त्या दिवसापासून डाएट त्यांच्या ताब्यात गेलं. मला वाटतं माझ्या वजनातले निम्मे किलो त्या एका फोटोमुळे उतरलेत.

प्रोटीनचा हिशेब मॅडमनी डोक्यात बसवला. दिवसाला किमान ६० ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, पेलाभर दुधात ६-७, मूठभर कच्च्या मूगडाळीत ७, व्हे म्हणजे दुधापासूनच्या प्रोटीन पावडरच्या एका स्कूपमध्ये २४ च्या आसपास. आपल्या शाकाहारी ताटात पोळी आणि भात आधी येतो, वरण वाटीभर आणि तेही पातळ. या जठरात चार-पाच घासांची जागा असते, पहिले घास पोळीचे गेले की प्रोटीनला जागाच उरत नाही. म्हणून आधी पनीर, अंडं, घट्ट वरण, उसळ, मग भाजी, आणि जागा उरली तर पोळी. ताजी मऊ पोळी चिकटून अडकते, भात नंतर फुगतो, उलट कडकसर ज्वारीची भाकरी नीट चावली तर मला बरी जाते, हे मात्र प्रत्येकाचं वेगळं असतं. पोट भरलं की मला एक उचकी येते. त्या उचकीनंतर एक घास जरी घेतला तरी छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं आणि तो बाहेरच येतो. उचकी आली की ताट बाजूला, घरातले पण आता ओळखतात.

आग्रहाचं सांगते. आपल्याकडे माणूस कमी जेवला की वाढणाऱ्याला वाईट वाटतं. लग्नात, डोहाळजेवणात, हळदीकुंकवाला, प्रत्येक ठिकाणी अगं एक तरी घे. साताऱ्यात तर कंदी पेढा हातात येतोच. गोड मुळात नको, आणि जठराचं बायपास (जठर लहान करून पुढच्या आतड्याला जोडतात ते ऑपरेशन) झालेल्यांना तर त्याने घाम, धडधड, चक्कर येते, डंपिंग म्हणतात त्याला, स्लीव्हमध्ये पण काहींना होतं. मॅडमनी मला एक वाक्य दिलं, पोटाचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी मोजून खायला सांगितलंय. एवढंच. कसलं, का, कुठे, काही सांगायचं नाही. हे वाक्य चालतं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वजन काटा हलेना. एवढं कमी खाऊन पण! मी रडकुंडीला आले होते. मॅडम म्हणाल्या हे जवळजवळ प्रत्येकाचं होतं, शरीर पाणी धरून ठेवतं, काटा आठवड्यातून एकदाच बघा आणि टेपने कंबर मोजा. कंबर खरंच उतरत होती. असा फोन वेळेवर उचलला गेला नाही तर माणूस घाबरून स्वतःच काहीतरी प्रयोग करतो.

रात्रीच्या इमर्जन्सी नंबरचा पण अनुभव आला. मऊ खाणं सुरू झाल्यावर मला काही दिवस सतत उलट्या होत होत्या, पाणी पण टिकेना. रात्री नंबर लावला, ड्युटीवरच्या डॉक्टरांनी लगेच विचारलं, ताप आहे का, नाडी किती, पोटात कळ आहे का, कारण स्टेपलच्या जागी गळती असेल तर ही लक्षणं असतात. तसं काही नव्हतं, तरी सकाळी या म्हणाले. ॲडमिट करून सलाईनमधून आधी थायमिन, म्हणजे बी१ दिलं आणि मग ग्लुकोज. सतत उलट्या झाल्या की बी१ झपाट्याने कमी होतं आणि ते तसंच राहिलं तर मेंदूवर, नसांवर परिणाम होतो, आणि बी१ न देता आधी ग्लुकोज लावलं तर उलट त्रास वाढू शकतो. हे गावातल्या दवाखान्यात कोणाच्या लक्षात येईलच असं नाही. म्हणून तुमच्या पाकिटात एक कार्ड ठेवा, मी ठेवलंय, त्यावर माझं ऑपरेशन कोणतं, कधी झालं, आणि आयबुप्रोफेन-डायक्लोफिनॅकसारख्या पेनकिलर विचारल्याशिवाय देऊ नका असं लिहिलंय. कारण साधी दाढ दुखली तरी मेडिकलवाला पहिली तीच गोळी काढतो.

आता केस. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गुच्छच्या गुच्छ हातात यायला लागले. याला कारण वजन झपाट्याने उतरणं आणि ऑपरेशनचा ताण, केसांची मुळं एकदम विश्रांतीत जातात. काही महिन्यांनी आपोआप थांबतं, प्रोटीन आणि लोह नीट असेल तर परत येतात, माझे आलेत. या सेंटरने हे आधी ठळकपणे सांगायला पाहिजे होतं. बायकांसाठी ही बारीक गोष्ट नाही, माझ्यासोबतची एक मुलगी केसांच्या भीतीने डाएटच सोडायला निघाली होती. आणि ज्या मुलींना मूल हवंय त्यांनी वर्ष-दीड वर्ष थांबायचं असतं, हे पण लग्न ठरलेल्या, नुकत्याच झालेल्या मुलींना स्पष्ट सांगायला हवं, नुसतं कन्सेंटच्या फॉर्मवर बारीक अक्षरात छापून काय उपयोग.

आता मोठी तक्रार. पहिलं वर्ष संपता संपता त्या डायटिशियन मॅडम नोकरी सोडून गेल्या. आम्हाला कोणी कळवलं नाही. नवीन व्यक्तीला फोन केला तर पहिला प्रश्न, तुमचा यूएचआयडी (हॉस्पिटलचा पेशंट नंबर) सांगा, आणि नंतर व्हॉट्सॲपवर तीच इंग्रजी पीडीएफ, तीच ब्रोकोली. मी म्हटलं माझी फाईल बघा, तर म्हणे अपॉइंटमेंट घ्या. सातारा ते स्वारगेट एसटीने जायचं, ओपीडीत दुपार घालवायची आणि पाच मिनिटं बोलून परत यायचं. त्या काळात माझ्या रक्ताच्या तपासण्या पण पुढे ढकलल्या गेल्या, कारण आठवण करून देणारं कोणी उरलं नव्हतं. शेवटी मुंग्या यायला लागल्या म्हणून इथल्याच लॅबमध्ये बी१२ केलं तर तळाला गेलेलं. इंजेक्शनं घ्यावी लागली. जठर कापलं की बी१२ शोषायला लागणारा घटकच कमी होतो, त्यात शाकाहारी, म्हणजे हे होणारच, आणि सेंटरला हे माहीत असतं. पॅकेजमध्ये एक वर्षाचा फॉलोअप असं लिहून पैसे घेतलेत तर तो माणसांवर अवलंबून नको, पद्धतीवर हवा. फोन करून रिपोर्ट मागणारी एक व्यक्ती ठेवली तरी पुरे.

सप्लिमेंटबद्दल थोडं. हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये त्यांच्याच शिफारशीची प्रोटीन पावडर फार महाग पडते. डब्यामागचं लेबल वाचा, एका स्कूपमध्ये प्रोटीन २० च्या वर आणि साखर नगण्य असेल तर साधी व्हे आयसोलेट पण चालते, मी तीच घेते, दुधाचं पोटाला लागत असेल त्यांना पण आयसोलेट बरी पडते, त्यात दुधातली साखर जवळजवळ काढलेली असते. चव सगळ्यांची थोडीफार सारखीच, चॉकलेट लवकर नकोशी होते, मी बिनचवीची घेऊन ताकात नाहीतर पिठल्यात मिसळते, गॅस बंद केल्यावर, उकळत्यात टाकली तर गुठळ्या होतात. कॅल्शियम घेताना सायट्रेट आहे का बघा, कार्बोनेटला पचायला आम्ल जास्त लागतं आणि आपल्याला ॲसिडिटीची गोळी पण चालू असते. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, दोन तासांचं अंतर, आणि लोहाच्या गोळीवर चहा नको. पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून पहिले सहा महिने एक गोळी दिली होती, झपाट्याने वजन उतरताना खडे होतात, ती मध्येच बंद करू नका. मल्टिव्हिटॅमिन, बी१२, डी, कॅल्शियम हे सगळं कायमचं आहे, महिन्याचा खर्च धरून चला.

लोक विचारतात, आता मौंजारो, वेगोव्ही ही वजन उतरवायची इंजेक्शनं २०२५ मध्ये भारतात आलीत, मग कापाकापी कशाला? ज्यांचा बीएमआय थोडाच जास्त आहे त्यांनी डॉक्टरांशी जरूर बोलावं. पण इंजेक्शन थांबवलं की बहुतेकांचं वजन परत चढतं आणि ऑपरेशनने जितकं उतरतं तितकं सगळ्यांचं उतरत नाही. उलट ऑपरेशननंतर पण दोनेक वर्षांनी वजन थोडं वर सरकतं आणि काहींना तेव्हा हीच इंजेक्शनं देतात. स्लीव्हनंतर छातीत जळजळ वाढू शकते हे पण ऐकून घ्या, ज्यांना आधीच जास्त ॲसिडिटी आहे त्यांना बायपास सुचवतात. मला रात्री उशी उंच करूनच झोपावं लागतं.

मी आज काय करू शकते ते सांगते. अजिंक्यताऱ्यावर पायी जाऊन येते, मध्ये थांबते, पण जाते. एसटीच्या सीटवर शेजारचा माणूस आता अंग चोरून बसत नाही. रात्री श्वासाचं मशीन न लावता झोपते. मुलगी पाठीमागून मिठी मारते तेव्हा तिचे हात पुढे जुळतात. पोटाची, दंडाची कातडी लोंबते, ती व्यायामाने जाणार नाही, आणि तिची सर्जरी इन्शुरन्स कॉस्मेटिक म्हणून धरतो, त्यामुळे तो विचार सध्या बाजूला आहे.

रेटिंग असं. सर्जन आणि ऑपरेशन ९, नर्सिंग १०, इन्शुरन्स डेस्क ९, समुपदेशन २, पहिल्या वर्षाचा आहार सल्ला १०, त्यानंतरचा ३. दर महिन्याला शनिवारी जुन्या-नव्या पेशंटची मीटिंग असते, ती फुकट आहे आणि ऑपरेशन ठरवायच्या आधी पण बसू देतात, तिथं जाऊन दोन वर्षं झालेल्या लोकांना गाठा, नुकत्याच झालेल्यांना नको. पार्किंगची बोंब आहे, स्वारगेटवरून रिक्षा बरी. ओपीडीला सकाळची पहिली वेळ मागा, दुपारी गेलात तर शेवटची एसटी गाठायची धावपळ होते, आणि येताना पनीर-अंड्याचा डबा सोबत ठेवा, तिथल्या कॅन्टीनमध्ये आपल्याला खाण्यासारखं इडली-सांबार सोडून काही नाही आणि सांबारात डाळ शोधावी लागते.